ताईच्या नावावरची गाडी

समन्स ताईच्या नावाने आलं. दाजींच्या नाही, पोराच्या नाही, ताईच्या. कारण गाडी तिच्या नावावर. घेताना सगळे म्हणाले आईच्या नावावर घेऊ, आईला दिवाळीचं गिफ्ट, हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले, मी पण होते तिथे, फोटोत आहे मी. आणि ताईने ती गाडी आजपर्यंत एकदाही चालवलेली नाही, तिला येतच नाही, ती फक्त मागे बसून आमच्या सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळात जाऊन यायची.

हे लिहावं की नको यात बरेच दिवस गेले. शेवटी ताईलाच विचारलं. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, लिही की, पण पोराचं नाव टाकू नको आणि त्या अण्णांचं तर अजिबात नको. म्हणून कुणाचंच नाव टाकत नाहीये.

तर झालं असं. जानेवारी, सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपून आठ-दहा दिवस झाले होते, हुरड्याचे दिवस. भाचा बारावीला, वय १७ वर्षं ४ महिने. मित्राचा बड्डे होता, घरी सांगितलं हुरडा पार्टीला शेतात चाललोय आणि ते खोटंही नव्हतं, शेत होतं, हुरडा होता, शेंगा चटणी, गूळ, दही सगळं होतं, फोटो पण पाठवले त्याने फॅमिली ग्रुपवर आणि आम्ही सगळ्यांनी खाली हार्ट टाकले. पण अंधार पडल्यावर पोरं तिथून अक्कलकोट रोडवरच्या एका ढाब्यावर गेली. बिअर आणली मित्राच्या चुलत भावाने, तो २२ चा. ढाब्याला दारूचं लायसन वगैरे काही नाही, पण ग्लास मिळतो, बर्फ मिळतो, चकणा मिळतो, फक्त बाटल्या टेबलाखाली ठेवा म्हणतात. भाच्याने दीड बाटली घेतली, स्ट्राँग. हे सगळं नंतर कळलं, दवाखान्यात, तुकड्या तुकड्यात.

रात्री साडेअकराच्या सुमारास एमआयडीसीजवळ पुढे एक सायकल होती. पॉवरलूमवरचे एक कामगार दुसरी पाळी सुटून घरी निघाले होते, वय ५२, पूर्व भागात राहतात, गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. भाच्याने मागून उडवलं. ब्रेकचा मार्कच नव्हता रस्त्यावर, पंचनाम्यात तसं लिहिलंय. भाच्याचं कॉलरबोन मोडलं आणि पुढचे चार दात गेले. अण्णांचं मांडीचं हाड आणि गुडघा. मागे बसलेला मित्र घासत गेला, उठला, आणि पळून गेला. सतरा वर्षांचं पोर, भ्यालं, पळालं, त्याला मी आजही काही म्हणत नाही.

अण्णांना उचललं एका रिक्षावाल्याने. तो पण आधी घाबरत होता म्हणे, पोलीस मलाच धरतील, साक्षीला फेऱ्या मारायला लावतील. हे मुद्दाम सांगते कारण बऱ्याच जणांना अजून माहीत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ ए आलंय, जखमीला मदत करणाऱ्यावर कसलीही केस होत नाही आणि त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. त्या माणसाने नाव न सांगताच अण्णांना सिव्हिलला पोचवलं आणि निघून गेला. आम्हाला त्याचे आभार पण मानता आले नाहीत.

महिनाभराने मी आणि ताई अण्णांच्या घरी गेलो. दाजी म्हणत होते वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका, पण ताईचा जीव राहीना. एक खोली, मध्ये पडदा. अण्णांची बायको दारातच उजेडाला बसून विड्या वळत होती, मांडीवर सूप, कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची, आम्ही आत आलो तरी तिचा हात थांबला नाही. थांबवून चालणारच नव्हतं, आता घरात तेवढीच कमाई. अण्णा खाटेवर, पाय उशीवर. मागावरचं काम उभ्याने असतं, एक माणूस दोन-दोन चार-चार माग बघतो, या मागावरून त्या मागावर सारखं चालत राहायचं, धागा तुटला की वाकायचं, सांधायचं, आणि पगार पीसवर, जेवढा माल निघेल तेवढेच पैसे. अण्णांचा गुडघा वाकत नाही. डॉक्टर म्हणाले चालता येईल, पण आठ तास उभं राहायचं विसरा. ते आम्हाला काही बोलले नाहीत. चहा दिला. थोड्या वेळाने ताईकडे बघून विचारलं, पोराचे दात बसवले का?

ताई तिथे काही बोलली नाही. घरी येईपर्यंत रिक्षात रडत होती.

आता समन्स तिच्या नावाने का आलं ते. कलम १९९ ए, हे पण २०१९ च्याच दुरुस्तीतलं. १८ च्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. कोर्ट हे धरूनच चालतं की गाडी पालकाच्या संमतीने दिली होती. मला माहीत नव्हतं, किंवा मी जमेल तेवढी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायचं काम आईबापाचं. आता ताईने काय सिद्ध करायचं? चावी देवघराशेजारच्या खिळ्यावर असायची, सिद्धेश्वरांच्या फोटोच्या खाली, कुणीही घ्यावी. पोरगं दोन वर्षं त्याच गाडीवर क्लासला जात होतं. अख्ख्या कॉलनीने बघितलंय.

आणि मी पण बघितलंय की. तो पंधराचा असताना मला एसटी स्टँडवरून घ्यायला आला होता. मी बॅग पुढे दिली आणि मागे बसले. सात रस्त्याच्या सिग्नलला पोलीस बघून त्याने गल्लीतून गाडी घातली तर मी म्हणाले, हुशार झालास की रे. हे माझं वाक्य आहे. ते मला झोपेत ऐकू येतं.

पोराची केस बाल न्याय मंडळापुढे चालू आहे, त्याबद्दल इथे जास्त लिहिणं बरोबर नाही. अण्णांच्या भरपाईचा दावा वेगळा, मोटार अपघात न्यायाधिकरणात. इन्शुरन्स आहे, मग काळजी कशाला असं आम्हाला वाटलं होतं. वकिलांनी समजावलं की चालवणाऱ्याकडे लायसनच नाही म्हटल्यावर कंपनी हात वर करते, आणि अशा केसेसमध्ये कोर्ट बऱ्याचदा कंपनीला सांगतं की जखमीला आधी तुम्ही द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे अण्णांना पैसे मिळतील, मिळायलाच पाहिजेत, आणि ते फिरून येणार ताईवर. ताई आणि दाजींनी फ्लॅटचा विचार सोडून दिलाय. ते बरोबरच आहे असं ताई म्हणते, मला पण तसंच वाटतं.

या सगळ्या प्रकरणात मी एक गोष्ट शोधत राहिले, की त्या रात्री हे कुठे कुठे थांबवता आलं असतं. आणि दर ठिकाणी एक मोठं माणूस उभं दिसलं. चावी दिली मोठ्यांनी. बाटली आणली मोठ्याने. ती ज्याने विकली तो मोठा, ढाब्यावर ग्लास देणारा मोठा, सतरा वर्षांच्या पोराला रात्री अकराला दारू पिऊन गाडीची किक मारताना बघून गल्ल्यावर बसून राहिलेला पण मोठा. आणि आपण लेक्चर कुणाला देतो तर पोरांना. दोन ते आठ ऑक्टोबर दारूबंदी सप्ताह, पोरांना मैदानात उभं करायचं, हात पुढे करून शपथ. सव्वीस जूनला अमली पदार्थ विरोधी दिन, परत शपथ. जानेवारीत रस्ता सुरक्षा, पोस्टर स्पर्धा. माझ्या पोराने आठवीत त्या पोस्टरला दुसरा नंबर मिळवलाय, बाटली आणि स्टेअरिंगवर लाल फुली. ही कामं करणाऱ्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे, पण जो वर्ग शपथ घेतो त्याच्या हातात ना दुकान आहे ना ढाबा ना आरसी बुक.

वय किती लागतं हे तरी किती जणांना माहीत आहे? मी भिशीत विचारलं तर सगळ्या म्हणाल्या अठरा. नाही. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनला २१ पूर्ण, बाकी दारूला २५ पूर्ण. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळतो. म्हणजे तो २२ वर्षांचा चुलत भाऊ, जो स्ट्राँग बिअर घेऊन आला, तो स्वतःच कायद्याने त्या बाटलीला लहान होता. आणि १८ च्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्यावर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बड्डेला एक बिअर पाजली याला सात वर्षं, हे त्याला स्वप्नात तरी माहीत होतं का.

मी हे वाचून एका संध्याकाळी मुद्दाम एका वाइन शॉपसमोर जाऊन उभी राहिले, बाजूच्या मेडिकलच्या पायरीवर. बाई वाइन शॉपसमोर उभी म्हणून लोक बघत होते, बघू दे म्हटलं. पाऊण तास होते. जाळीच्या खिडकीपुढे गर्दी, कागदात गुंडाळलेल्या बाटल्या बाहेर येतायत, पैसे आत जातायत, वय विचारलेलं एकदाही ऐकलं नाही. मग दोन पोरं आली, पाठीला सॅक, एकाच्या सॅकला क्लासचा बिल्ला लटकलेला. ती खिडकीपाशी गेलीच नाहीत. लांब उभी राहिली आणि एक साधारण पन्नाशीचे गृहस्थ आले, चांगले कपडे, हातात भाजीची पिशवी, मेथी बाहेर आलेली, त्यांना एक पोरगं म्हणालं, काका, दोन बिअर घेऊन द्या की, गर्दी लै आहे. गर्दी लै आहे म्हणे. त्यांनी वर बघितलं पण नाही, पैसे घेतले, स्वतःच्या क्वार्टरबरोबर दोन बिअर घेतल्या, आणि सुटे पैसे मोजून परत दिले. प्रामाणिक माणूस. त्यांच्या घरी पण त्याच वयाचं पोरगं असेल.

मी काही बोलले नाही तेव्हा, पाय जड झाले होते. आज असते तर बोलले असते.

आणि बिअर म्हणजे दारू नाही हा जो समज आहे ना, यावर थोडं सविस्तर लिहिते कारण भाचा पण हेच म्हणाला, मावशी दारू नाही घेतली, बिअर होती फक्त. मोठी बाटली ६५० मिलीची. स्ट्राँगमध्ये अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असतं. गुणाकार करा, ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग घेतला तर त्यात ४२.८ टक्क्याने साधारण २६ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली म्हणजे दोन लार्ज पेग. दीड बाटली म्हणजे तीन. ज्या आईबापांना पोरगं बिअर घेतं हे माहीत आहे आणि चालतंय म्हणून सोडून देतात, त्यांनी पोराने तीन लार्ज पेग मारले असं एकदा मोठ्याने म्हणून बघावं. गाडी चालवायला कायद्याची हद्द आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. साठ किलोच्या पोराने एक स्ट्राँग बाटली पटकन संपवली तर ही हद्द कितीतरी मागे राहते, आकडा शंभराच्या आसपास जाऊ शकतो. उतरायला वेळ लागतो, तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम. लिंबू पाणी, ब्लॅक कॉफी, तोंडावर पाणी, पान, बडीशेप, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही, वास जातो फक्त. भाच्याला ढाब्यावर कुणीतरी लिंबू पिळून दिलं होतं. म्हणून त्याला वाटलं आता ठीक आहे.

पिऊन चालवल्याचा दंड पहिल्या वेळी १०,००० पर्यंत किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा १५,००० पर्यंत किंवा दोन वर्षं कैद किंवा दोन्ही, कलम १८५. थर्टी फर्स्टला आपल्याकडे नाकाबंदी लागते, मशीनमध्ये फुंकायला लावतात, पोरं आधीच व्हॉट्सॲपवर टाकतात कुठल्या चौकात पोलीस आहेत ते, मग गल्लीबोळातून जातात. तरी त्याचा उपयोग होतो, मी नाही म्हणणार नाही, त्या रात्री थंडीत उभ्या राहणाऱ्या पोलिसांनी किती जीव वाचवले हे कुणाला मोजता येणार नाही. पण भाच्याचा अपघात थर्टी फर्स्टला नाही झाला. जानेवारीतल्या साध्या शनिवारी झाला.

मग कशाने फरक पडतो? मला जे पटलंय ते सांगते. मोठ्यांना धरलं की फरक पडतो.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. मुळेगाव तांडा कुणाला माहीत नाही. आपण लहान होतो तेव्हापासून हातभट्टी म्हटलं की मुळेगाव तांडा. धाडी पडायच्या, गूळमिश्रित रसायन ओतून द्यायचे, बॅरल फोडायचे, पेपरात फोटो यायचा, आठ दिवसांनी भट्टी परत पेटायची आणि माल रबरी ट्यूबमध्ये भरून शहरात. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. धाडी चालूच ठेवल्या, पण त्याच्याबरोबर एकेका अधिकाऱ्याने एकेक गाव, तांडा दत्तक घेतला, परत परत जाऊन घराघरात बसून बोलायचं, भट्टी सोडली तर पोट कशावर भरणार हे विचारायचं, आणि मग त्या माणसाला दुसरं काम, प्रशिक्षण, कर्ज मिळवून द्यायला मदत करायची. कारण तिथली पोरं पण भट्टीच्या कामातच मोठी होत होती. दारू गाळणाऱ्या बापाला दुसरं काम मिळालं की पोरगं आपोआप त्यातून सुटतं, त्याला वेगळी शपथ द्यावी लागत नाही. सगळं संपलं असं म्हणायचं नाही मला, भट्ट्यांच्या बातम्या अजून येतात. पण पोलिसांनी बसून बोलावं हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

गावांकडे बायकांच्या हातात अजून एक गोष्ट आहे, आडवी बाटली. २००८ पासून नियम आहे, गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की सह्यांची खात्री होऊन मतदान लागतं, चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. अर्ध्याहून जास्त मतं आडवीला पडली की दुकान बंद. नुसती आलेल्या मतांच्या अर्धी नाही, यादीतल्या एकूण मतदारांच्या अर्ध्याहून जास्त, म्हणजे मजुरीला गेलेल्या बायकांना पण त्या दिवशी बोलावून आणावं लागतं. वॉर्डात पण हे करता येतं हे शहरातल्या बायकांना माहीतच नसतं. अडचण एवढीच की दुकान बंद होतं, ढाबा नाही. ढाब्याला लायसनच नाही तर बंद काय करणार.

ढाब्यांसाठी दारूबंदी कायद्यातली दोन कलमं आहेत, ६८ आणि ८४. ६८ जागा देणाऱ्या मालकाला, ८४ तिथे बसून पिणाऱ्याला. आपल्या उत्पादन शुल्कवाल्यांनी मध्ये ही कलमं लावून ढाब्यांवर धाडी टाकल्या, मालक आणि पिणारे दोघांना कोर्टात उभं करून दंड, पेपरात बऱ्याच बातम्या होत्या. मला विचाराल तर यातली ८४ ची बाजू जास्त कामाची. गिऱ्हाईकाला कोर्टाची पायरी चढावी लागली की तो दुसऱ्या दिवशी त्या ढाब्यावर येत नाही, आणि गिऱ्हाईक नसेल तर मालक ग्लास कुणासाठी धुणार. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा निकाल दिला तेव्हा मी खूप खूश झाले होते, नंतर २०१७ मध्ये शहराच्या हद्दीतल्या दुकानांना त्यातून सूट मिळाली. आपल्या सोलापुरात पुण्याचा, हैदराबादचा, विजापूरचा असे सगळे हायवे येऊन मिळतात, त्यामुळे ते अंतर आपल्याला जास्त महत्त्वाचं होतं असं मला वाटतं.

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला जे झालं ते सगळ्यांना आठवतं. सतरा वर्षांचा मुलगा पोर्शे कार चालवत होता, धडकेत दोन इंजिनिअर जागेवर गेले, आणि जामिनाला ३०० शब्दांचा निबंध. त्या निबंधावर सगळा महाराष्ट्र चिडला, मी पण. पण त्याच्यानंतर पोलिसांनी बापावर कलम ७७ लावलं आणि दारू देणाऱ्या पबवाल्यांना अटक केली, तेव्हा पहिल्यांदा लोकांनी विचारलं की त्या पोराला चावी कुणी दिली. आमच्याकडे ना पोर्शे होती ना पब. पण प्रश्न तोच आहे.

आता आम्ही काय करतोय ते. आमची जुळे सोलापुरातली भिशी, सोळा जणी. ताईची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, कुणी बोलत नव्हतं, एका महिन्याला मीच बोलले. सगळ्यात आधी चाव्या. ज्यांच्या घरी १८ च्या आतलं पोर आहे तिथे चावी खिळ्यावर नाही, कपाटात. पहिल्या महिन्यात आमच्यातल्या चौघींनी सोडून दिलं, क्लास लांब, बस वेळेवर नाही, नवऱ्याला ऑफिसला जायचंय, पोरगी अंधारात चालत येणार का. हे सगळं खरं आहे, आपल्या शहरात बसची काय परिस्थिती आहे ते बसने फिरणाऱ्याला विचारा. म्हणून मग तीन क्लासच्या सरांना जाऊन भेटलो, दोन सरांनी बॅचची वेळ अलीकडे घेतली, तिसऱ्यांनी ऐकून घेतलं. एका गल्लीतल्या सहा पोरांसाठी मिळून एक रिक्षा लावली. एका जणीच्या सासऱ्यांनी जुनी सायकल दुरुस्त करून दिली, आता ते स्वतःच नातवाच्या मागे दुसऱ्या सायकलवर जातात.

दुसरं, हुरडा पार्टी आणि बड्डे. पोरांना जाऊ द्यायचं, बंदी नाही घालायची, पण घरातलं एक मोठं माणूस न्यायला जाणार आणि हे आधीच सांगून ठेवायचं. आणि एक गोष्ट मी माझ्या पोराशी बोलून ठेवली. समजा तू घेतलीस, किंवा गाडी चालवणाऱ्याने घेतली, तर मला फोन कर, रात्री दोन वाजता कर, मी येईन, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. सकाळी बोलेन. यावर भिशीत मोठा वाद झाला. एक वहिनी म्हणाल्या, म्हणजे तुम्ही पोराला परवानगीच दिली की. मला त्यांचं म्हणणं कळतं. पण भाच्याच्या फोनमध्ये त्या रात्री अकरा वीसला दाजींचा नंबर काढलेला होता, लावलेला नव्हता. घाबरला. बाबा मारतील म्हणून त्याने फोन लावला नाही आणि गाडी काढली. हे सांगितल्यावर त्या वहिनी गप्प झाल्या, नंतर त्यांनीच त्यांच्या पोराला हे सांगितलं असं कळलं.

थर्टी फर्स्टला कॉलनीच्या मंदिरासमोर मसाला दूध केलं. अंनिस म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि बाकी संस्था ‘द दारूचा नाही, द दुधाचा’ म्हणून करतात, तिथूनच घेतलं. पोरं आधी लाजत होती, मग कॅरम आणला, बाराच्या पुढे पण हलेनात. दाजी आले होते. एका कोपऱ्यात उभे राहून मोठ्या पातेल्यातलं दूध ढवळत होते, कुणाशी बोलले नाहीत, पण शेवटचं भांडं घासून झाल्यावरच गेले. दाजी स्वतः अधूनमधून घ्यायचे, आता घेत नाहीत. सोडायचीय पण जमत नाही अशा कुणाला माहीत नसेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे.

भाचा बारावी पास झाला, दात बसवले. २५ पर्यंत लायसन नाही हे त्याने मान्य केलंय, सायकलने कॉलेजला जातो. महिन्यातून एकदा अण्णांकडे जातो, औषधं घेऊन. तिथे काय बोलतात मला माहीत नाही, विचारत पण नाही. ताई म्हणाली की मागच्या वेळी अण्णांच्या बायकोने त्याला विड्यांचे कट्टे मोजायला बसवलं होतं दोन तास.

आणि तो ढाबा. आम्ही भिशीतल्या बायकांनी त्याच्याबद्दल लेखी अर्ज दिला होता, तारीख, वेळ, कुठल्या टेबलाखाली बाटल्या ठेवतात ते सगळं लिहून. धाड पडली, ढाबा बंद झाला, दोन महिने शटर खाली होतं. परवा अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाताना बघितलं तर उघडलाय. बोर्ड नवीन, नाव नवीन, समोर लाईटच्या माळा, शेड तीच. बाहेर सात-आठ गाड्या, दोन गाड्यांवर शाळेचं स्टिकर. मी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगून फोटो काढला. मंगळवारी परत अर्ज घेऊन जाणार आहोत, मागच्या वेळी सोळा सह्या होत्या, आत्तापर्यंत एक्केचाळीस झाल्यात. पहिली सही ताईची आहे.